डाव्या सीटची माया

"डाव्या सीटवर कोण बसायचं?" विमा कंपनीच्या मुजावर मॅडमनी विचारलं.

धनाजी सुतार फडक्यानं बॉनेट पुसत होता. पुसण्याजोगी धूळ त्यावर नव्हती, पण विमा कंपनीचा माणूस गाडी तपासत उभा असला की हातांना काहीतरी चाळा लागतो. तो पुसायचा थांबला.

"कोण न्हाई. ट्रायलला एकट्यानंच चालवायची, असा नियम हाय की."

"नियम आहे, म्हणूनच विचारते." त्यांनी हातातला टॅब त्याच्यासमोर धरला. "ट्रायल पंधराशे किलोमीटरची. एकशेसात फेऱ्या. त्या एकशेसातही फेऱ्यांत तुमच्या शेजारी कुणीतरी बसलंय."

धनाजीला हसू आलं. शेजारी बसायला होतं कोण? जुने सोबती येऊन गाडीला हात लावून जायचे, फोटो काढून घ्यायचे, पण त्या सीटवर त्यानं आजवर कुणाला टेकूसुद्धा दिलं नव्हतं. तो टॅबवर वाकला. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसत होती. चालक एक, सहप्रवासी एक. बघता बघता त्याचं हसू मावळलं.

धनाजी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पॅटर्नमेकर. ओतीव काम करायचं तर आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात धातूचा रस ओतायचा. तो नमुना घडवणं हा धनाजीचा पिढीजात धंदा. नमुने छापणारी यंत्रं आली आणि त्याची कामं निम्म्यावर आली, तरी माल अवघड असला की लोक अजून त्याचंच दार ठोठावायचे. या माणसानं पाच-सहा वर्षं खपून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक स्पोर्ट्स कार उभी केली होती. फार जुन्या एका विलायती गाडीची नक्कल होती ती. दोनच सीट, वर टप नाही आणि पुढं लांबलचक नाक. त्या नाकामुळं घरात तिचं नाव 'कोल्ही' पडलं होतं.

गाडी बनवणं परवडलं, असं म्हणायची वेळ पुढं आली. बाकीच्या गाड्या आपल्या आपण चालायला लागून दहा वर्षं होत आली होती. हातानं चालवायची आणि वर घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची, तर सत्तावीस पानी अर्ज होता. 'उत्पादकाचे नाव' या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव घातलं. 'कारखान्याचा पत्ता' म्हणून घरामागचं शेड दिलं. 'वार्षिक उत्पादन क्षमता' वाचून तो जरा वेळ डोकं खाजवत बसला आणि मग त्यानं 'एक' असं लिहिलं. नंबर विम्याशिवाय मिळत नव्हता आणि विमा कारकुनाशिवाय मिळत नव्हता.

कारकून हे उद्यमनगरानं ठेवलेलं नाव. ती एक विटेएवढी पेटी होती. हातानं चालवायच्या प्रत्येक गाडीत विमा कंपनी ती बसवायची आणि ती बसल्या जागी सगळं टिपत राहायची. ब्रेकवर पाय किती दाबला, स्टिअरिंगवर बोटं किती आवळली, वळणाआधी किती फुटांवर वेग उतरवला, हे सगळं सेकंदाला हजार वेळा. एकुलत्या एका गाडीचा विमा उतरवायचा कशाच्या जिवावर? तिच्यासारख्या दुसऱ्या गाड्या नाहीत, त्यांच्या अपघातांचे आकडे नाहीत. म्हणून कंपन्या आता गाडीऐवजी माणसाचे हात तपासायच्या.

"पण माणूस दिसतोय कसा त्याला?" धनाजीनं विचारलं. "सीटखाली वजनाचा काटा तुमीच लावलाय. त्यात काय दिसतंय?"

"काट्यात शून्य आहे. तीच तर अडचण आहे." मुजावर मॅडम शेडमधल्या लाकडी स्टुलावर बसल्या. वयानं तिशीच्या आत-बाहेर, पण बोलणं नीट, तोलूनमापून. "डोक्यावर भरलेली घागर घेऊन चाललेली बाई आणि रिकामी घेऊन चाललेली बाई लांबूनसुद्धा ओळखू येते ना? घागरीच्या आत बघावं लागत नाही. पावलंच सांगतात. तसंच आहे हे. शेजारी कुणी बसलं की चालवणाऱ्याचे हात बदलतात. डावीकडचा खड्डा तो जास्त चुकवतो. वळण सावकाश घेतो. ब्रेक दोन टप्प्यांत लावतो. शेजारी म्हातारं माणूस असलं तर वेगळं, मूल असलं तर वेगळं. लाखो लोकांच्या हातांवरून पेटी हे शिकलीय. गाडीवर खरं ओझं किती आहे ते स्प्रिंगा सांगतात आणि चालवणाऱ्याच्या मनात किती आहे ते हात सांगतात. सगळ्यांचे हे दोन आकडे जुळतात. तुमचे जुळत नाहीत."

धनाजीनं फडकं बॉनेटवर ठेवलं.

"अजून एक आहे." मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. एक रेघ उमटली, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. "हे त्या सहप्रवाशाचं वजन. ऑक्टोबरात पहिल्या फेरीला एकतीस किलो. जानेवारीत छत्तीस. परवा शेवटच्या फेरीला सेहेचाळीस. आणि जोरात ब्रेक लागला की तुमचा डावा हात स्टिअरिंग सोडून शेजारी आडवा जातो. कुणाला तरी पुढं पडू देऊ नये तसा. आठ महिन्यांत अठ्ठ्याहत्तर वेळा ब्रेक लागलाय आणि अठ्ठ्याहत्तर वेळा हात गेलाय. आधी तो या उंचीला जायचा." त्यांनी हवेत हात धरला आणि मग तो वीतभर वर नेला. "आता इथं जातो."

शेडच्या पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. मे महिन्याचं ऊन दारातून आत आलं होतं. डावा हात धनाजीनं दुसऱ्या कुणाचा असावा तसा उचलून बघितला.

"तुम्हाला मुलगी आहे का?" मुजावर मॅडमनी हळूच विचारलं.

"व्हती," धनाजी म्हणाला. "अकरा वर्साची. एकतीस किलो."

ईश्वरी गेली त्याला पाच वर्षं झाली होती. गगनबावड्याच्या रस्त्याला, धनाजीच्या जुन्या गाडीत. डावीकडे मोर दिसला म्हणून तिनं पट्टा काढला आणि ती खिडकीशी गुडघ्यांवर उभी राहिली. धनाजीनं तिला 'बस खाली' म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पुढचा ट्रक थांबला. धनाजीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ब्रेक दाबला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पंचनाम्यात लिहिलं होतं की चालकाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून वाहन काबूत ठेवले, त्याची चूक दिसून येत नाही. तो कागद घरी आला त्या दिवशी धनाजी शेडमध्ये गेला, अर्धवट राहिलेली कोल्ही त्यानं उघडली आणि पुढची पाच वर्षं तो जवळजवळ तिथंच राहिला.

"मला वाईट वाटतं," मुजावर मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं. "पण कागदावर काय लिहू, सांगा. शेजारी खरंच कुणी बसत होतं आणि तुम्ही काटा बंद केला होता, असं म्हटलं तर ट्रायल रद्द. कुणीच नव्हतं म्हटलं, तर चालक ऐन ब्रेकच्या वेळी स्टिअरिंग सोडतो. त्याचा विमा कुठलीच कंपनी उतरवणार नाही. तुमचा ट्रायलचा परवाना तीस जूनला संपतो. त्यानंतर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, कापून टाकायची, असा कायदा आहे."

"दुसरा काय मार्ग?"

"दोन आहेत. डावी सीट काढून टाका. एका माणसाची गाडी म्हणून मी उद्या सही करते, पेटीचा प्रश्नच उरत नाही. नाहीतर फेरतपासणी. एकच फेरी, चौदा किलोमीटर. मध्ये कुठंतरी मी अचानक ब्रेक लावायची खूण देईन. त्या फेरीत डाव्या सीटवर शून्य दिसलं पाहिजे. काट्यातही आणि तुमच्या हातातही. तारीख दहा जून."

धनाजीनं मान डोलावली. सोळा जूनला अकरावीचे वर्ग सुरू होणार होते. 'कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला कोल्हीतनं सोडायचं, साऱ्या पोरींनी बघितलं पायजे,' असा शब्द ईश्वरीनं त्याच्याकडून घेतला होता. सोळा जूनला गाडी नंबर लावून कॉलेजच्या दारात उभी राहिली पाहिजे, एवढ्यासाठी सगळा आटापिटा चालला होता आणि हे त्यानं कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. आता तिला कॉलेजला न्यायचं तर आधी तिला गाडीतून उतरवावं लागणार होतं.

सुवर्णा पुढच्या खोलीत लेडीज टेलरिंग चालवायची. धनाजी आत आला तेव्हा ती एका ब्लाउजच्या बाह्या जोडत होती. पाच वर्षांत तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. जेवायला वाढलंय एवढं सांगायलाही ती परसदारातूनच हाक मारायची. ईश्वरीचं नाव दोघांत निघायचं नाही. निघालं तर काय होईल याची दोघांनाही भीती होती.

धनाजी चौकटीला टेकून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. कारकून, चढत गेलेली रेघ, वर गेलेला हात. शिलाई मशीन चालूच होतं. तो बोलायचा थांबला आणि मग तेही थांबलं.

"किती किलोची म्हणाली?" सुवर्णानं मागं न बघता विचारलं.

"सेहेचाळीस."

"आनि उंची?"

"त्यांनी हात करून दावला. तुझ्या कानाला लागंल एवढी."

सुवर्णा उठली. कपाटाच्या वरच्या खणातून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ड्रेस काढला. हिरवा, त्यावर बारीक पांढरी फुलं. धनाजीला तो आठवला. ईश्वरीच्या बाराव्या वाढदिवसाला शिवायला घेतला होता, आणि तो वाढदिवस आलाच नाही.

"वाढत्या अंगाची पोरगी म्हणून दोन्हीकडं चांगली तीन-तीन बोटं माया सोडली हुती," सुवर्णा म्हणाली. शिवणीच्या आत मुडपून ठेवलेल्या जादा कापडाला टेलर लोक माया म्हणतात. पोर वाढली की शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड बाहेर काढायचं आणि पुन्हा शिवायचं. "दरसाल तिच्या वाढदिवसाला अर्धं-अर्धं बोट उसवून सोडत आलोय. कुणाला सांगू? येड लागलंय म्हणतील." तिनं ड्रेस उलटा करून त्याच्यासमोर धरला. शिवण अगदी काठाला येऊन ठेपली होती. "औंदा माया संपली बघा. आता उसवायला काय राहिलं न्हाई."

धनाजीनं कापडाच्या काठावरून अंगठा फिरवला. पाच वर्षं एका घरात, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवणारी दोन माणसं. एकजण पुढच्या खोलीत पोर वाढवत होती, दुसरा मागच्या शेडमध्ये, आणि दोघांचा एकमेकांना पत्ता नव्हता. त्याला रडू आलं नाही, लाज वाटली.

"एकदा तरी बोलायचं हुतं तुमी," सुवर्णा म्हणाली. तिनं ड्रेसची नीट घडी केली आणि तो पुन्हा कागदात गुंडाळला.

फेरतपासणीला पंधरा दिवस होते. सरावासाठी ठरवून दिलेला कळंब्याकडचा रस्ता मिळाला होता. सकाळी सात वाजता धनाजी निघायचा आणि परत आल्यावर कारकुनाचा आकडा बघायचा. पहिल्या दिवशी सेहेचाळीस. डाव्या सीटकडे बघायचंच नाही, असं ठरवून दुसऱ्या दिवशी गेला. सेहेचाळीसच. तिसऱ्या दिवशी त्यानं रुमालानं डावा हात स्टिअरिंगला बांधला. ब्रेक लागला तेव्हा हात जागचा हलला नाही, पण खांदा उखळीतून निखळतोय की काय असा हिसका बसला. घरी येऊन बघतो तर आकडा सत्तेचाळीस.

आता त्याला कळायला लागलं होतं आणि कळल्यामुळं ते वाढत होतं. वळणावर आपला पाय आपसूक वर येतोय, हे त्याला जाणवायचं. उसाच्या ट्रॉलीमागं असताना आपण डावीकडं धूर जाऊ नये म्हणून अंतर ठेवतोय, हेही कळायचं. एकदा त्याला स्पष्ट वाटलं, की शेजारी कुणीतरी केस सारखे केले. त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर सीट रिकामी दिसली असती आणि त्याला तेवढंच नको होतं.

मग एका दुपारी तो पाना घेऊन सीटपाशी बसला. चार बोल्ट. पाच मिनिटांचं काम. पहिल्या बोल्टला पाना लागला आणि त्याचं लक्ष सीटच्या बैठकीकडं गेलं.

त्या सीटचा लाकडी नमुना त्यानं ईश्वरीला वर बसवूनच केला होता. पॅटर्नवाल्याचा हात कधी नेमक्या मापाचा नमुना करत नाही. धातू थंड झाला की आटतो, वर घासकाम असतं, म्हणून नमुना थोडा मोठाच धरायचा. पण सीट मोठी झाली ती त्या हिशेबानं नव्हे. धनाजीनं सरळ चार-चार बोटं वाढवून धरली होती. ईश्वरीचे पाय हवेत लोंबकळायला लागले. "बाबा, ही कुणाची सीट केलासा? ह्यात मी हरवतोय की!" आईसारखीच तीही स्वतःला 'आलो, गेलो' म्हणायची. कोल्हापूरच्या बायकांची रीतच ती. आणि मग तिनंच तोड काढली. "असूदे. मोठी झालो की बरोबर बसतंय."

सुवर्णाच्या भाषेत माया सोडलेली सीट होती ती. आणि कारकुनाच्या हिशेबानं आता त्या सीटमध्ये बसणारी बरोबर मापाची झाली होती. धनाजीनं पाना खाली ठेवला.

"न्हाई निघत?"

त्यानं दचकून वर बघितलं. शेडच्या दारात सुवर्णा उभी होती. पदरानं हात पुसत ती आत आली. पाच वर्षांत पहिल्यांदाच. तिनं गाडीकडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं, कोल्हीच्या नाकावरून हात फिरवला आणि मग ती डाव्या सीटकडं बघत राहिली.

"सीट काढू नगा," ती म्हणाली.

"मग गाडी कापत्यात."

"परीक्षेच्या दिशी पोरगी माझ्याजवळ ठिवून जावा."

धनाजी तिच्याकडं बघत राहिला. ती चेष्टा करत नव्हती. कामाला जाताना लेकराला आईजवळ ठेवून जावं, इतक्या साध्या आवाजात ती बोलत होती.

"तुमी तिला हाकलायला बघताय. आपली पोर हाकलून जातीया व्हय? बाप नुसता सोडून गेल्यावर ती मागं लागणारच. आईजवळ दिली की ऱ्हाईल."

दहा जूनला नऊ वाजता कोल्ही घराच्या पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली. रस्त्याच्या पलीकडं मुजावर मॅडमची गाडी थांबली होती. मॅडमनी काच खाली घेतली होती. धनाजी उतरला, वळसा घालून पलीकडं गेला आणि त्यानं डावं दार उघडलं. सुवर्णा उंबऱ्यात उभी होती. तिनं हात पुढं केला.

"ये," ती म्हणाली. "बाबा येत्यात तासाभरात."

तिनं हाताची मूठ हलकेच मिटली आणि ती बाजूला सरकली, एका माणसाला दारातून आत जायला जागा द्यावी तशी. धनाजीनं गाडीचं दार लावलं.

रस्त्याला लागल्यावर पहिल्या खड्ड्यालाच त्याला फरक कळला. गाडी हलकी लागत होती. कळंब्याच्या वळणावर त्याचा पाय वर आला नाही. शेजारच्या सीटवर ऊन पडलं होतं, शिवण दिसत होती, बैठकीवर एक वाळकं पान येऊन पडलं होतं, आणि हे सगळं त्याला नुसतं दिसत होतं. आपली परीक्षा आहे, हेही तो मधूनमधून विसरत होता. घरात त्या दोघी काय करत असतील, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

नवव्या किलोमीटरला मागून भोंगा वाजला. ती खूण होती. धनाजीनं ब्रेक दाबला. कोल्ही नाक खाली दाबून, टायर घासत थांबली.

दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. घट्ट. नखं पांढरी पडली होती.

धनाजी त्यांच्याकडं बघत राहिला. गगनबावड्याच्या रस्त्यावरही ते असेच होते. पंचनाम्यात असंच लिहिलं होतं, त्याची चूक दिसून येत नाही. पाच वर्षं आणि अठ्ठ्याहत्तर ब्रेक त्याचा हात त्या एका क्षणाला पुन्हा पुन्हा पुसायला बघत होता, आणि पास व्हायचं तर तो क्षण त्याला जसाच्या तसा परत करून दाखवावा लागला होता. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो मोठ्यानं रडला. मुजावर मॅडम गाडीतून उतरल्या, पण लांबच उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला रडू दिलं.

"शून्य आहे," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "काट्यातही आणि हातातही. मी सही करते." मग जाता जाता त्यांनी एक सांगितलं. "पेटी वर्षभर गाडीतच राहील. प्रत्येक फेरीची नोंद तुमच्या वारसदाराच्या फोनवर जाते. वारस म्हणून तुम्ही पत्नीचं नाव दिलंय. वर्षात तीन वेळा आकडे जुळले नाहीत, तर विमा आपोआप रद्द होतो. ते माझ्या हातात नसतं. सांभाळा."

घरी सुवर्णानं शिरा केला होता. "काय तरास दिला न्हाई," तिनं वाढता वाढता सांगितलं. "गप बसली हुती मशीनपाशी." धनाजीनं विचारलं नव्हतं, पण ऐकून त्याला बरं वाटलं आणि मग आपल्याला बरं वाटलं याची भीती वाटली. ओट्यावर तिसरी वाटी झाकून ठेवलेली होती.

सोळा जूनला आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता. नवीन नंबरपाटी लावून कोल्ही दारात उभी होती. धनाजीनं धुतलेला सदरा घातला होता. रात्री त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की दोन चुका माफ आहेत, त्यातली एक आज वापरायची. तिला कॉलेजच्या दारात सोडायचं, शब्द पुरा करायचा आणि मग झालं. मोठ्या झालेल्या पोरी कॉलेजच्या दारातून आत जातात आणि आपल्या वाटेनं लागतात. आईबापांनी तिथून परत फिरायचं असतं.

त्यानं सुवर्णाला काही सांगितलं नव्हतं. पण ती बाहेर आली, तिनं डावं दार उघडलं, वाकून पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खटकन लावला. मग तो ओढून बघितला.

"पट्टा काढू नगंस," तिनं सीटला बजावलं. "मोर दिसू दे न्हाईतर हत्ती."

धनाजीनं गाडी सावकाश काढली. सायकली, रिक्षा, आपल्या आपण चालणाऱ्या बिनआवाजाच्या गाड्या. सिग्नलला थांबलं की पोरं कोल्हीचा फोटो घ्यायची. चौकात एक कुत्रं आडवं आलं आणि ब्रेक लागला. त्याचा डावा हात सुटला, शेजारी आडवा गेला आणि तिथंच थांबला. या वेळी त्यानं तो हात ओढून घेतला नाही.

कॉलेजच्या फाटकाशी नव्या दप्तरांची, नव्या ओढण्यांची गर्दी होती. धनाजीनं गाडी अगदी फाटकासमोर उभी केली. पाच-सहा पोरी वळून बघायला लागल्या. "कसली भारी गाडी हाय गं!" एक म्हणाली. हेच ईश्वरीला ऐकायचं होतं. धनाजी उतरला, पलीकडं गेला, पट्टा सोडला आणि दार उघडून बाजूला उभा राहिला. थोडा वेळ तसाच राहिला. चप्पल नीट करायला लागतो तेवढा, मागं वळून एकदा बघायला लागतो तेवढा.

"जा," तो म्हणाला. मग त्यानं दार लावलं.

येताना सीट सीटच होती. तो घरी पोचला, इंजिन बंद केलं आणि पायरीवर येऊन बसला. त्याच्या छातीत पाच वर्षांनी जागा मोकळी झाली होती. दुखत होतं, पण श्वास खालपर्यंत जात होता. आता शेडला कुलूप लावावं, चार दिवस सुवर्णाला घेऊन कुठंतरी जावं, असं त्याच्या मनात आलं. डाव्या सीटवर बायकोला बसवून.

सुवर्णा फोन घेऊन बाहेर आली. कारकुनानं नोंद पाठवली होती. तिनं ती एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं वाचली.

"जाताना सहप्रवासी एक. सत्तेचाळीस किलो." तिनं बोटानं ओळ सरकवली. "येताना शून्य."

"कॉलेजला सोडलं तिला," धनाजी म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ होता. "शब्द पुरा केला. आता झालं, सुवर्णा."

सुवर्णा त्या शेवटच्या ओळीकडं बघत होती. तिच्या दुसऱ्या हातात हिरव्या कापडाची एक नवी पट्टी होती, बारीक पांढऱ्या फुलांची. तसलं कापड तिला कुठल्या दुकानात मिळालं कोण जाणे. तिनं मान वर करून आतल्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "सुटतंय किती वाजता?"